पाठीकडची बाजू

फोटोच्या मागे निळ्या शाईत एवढंच:
मिरज, डिसेंबर चौसष्ट.
पुढे हन्नामावशी, वय बावीस,
भिंतीला टेकलेली, शेजारी कुणाची तरी सायकल,
आणि अंगात तो फ्रॉक.

गोल कॉलर. फुग्याच्या बाह्या, दंडाशी घट्ट.
कमरेपासून घेर असा सुटलेला
की छत्री उघडता उघडता कुणी हाक मारली असावी.
ठिपक्यांचा रंग माहीत नाही, फोटोत राखाडी.
मी लाल धरले.

लक्ष्मी मार्केटातून साडेचार मीटर पॉपलीन आणलं.
"पडद्यांना का?" दुकानदारानं विचारलं.
हो म्हटलं. कोण सांगत बसणार.

उंची सायकलवरून काढली.
चाक अठ्ठावीस इंची, कड आसाच्या जराशी वर,
म्हणजे जमिनीपासून सोळा इंच धरू.
पेपरची पानं चिकटवून साचा बेतला,
डाव्या टक्सवर नेमकं आलं
'अनुरूप स्थळ पाहिजे'.
कापताना सगळीकडे अर्धा इंच माया ठेवली.
मावशी असती तर म्हणाली असती, इंचभर ठेव,
अंग वाढतं बाई, कापड वाढत नाही.

मग पाठ आली.
फोटोत पाठ नाही.

मी एक्स-रे काढते.
दिवसभर माणसं माझ्याकडे पाठ करून उभी राहतात,
छाती प्लेटला, हनुवटी वर,
मागे हॉस्पिटलच्या झग्याच्या नाड्या अर्ध्या सुटलेल्या.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
पैलवानाची पाठ, हळदीच्या हमालाची पाठ,
नुकतं लग्न झालेलीची, मेंदी मानेपर्यंत.
इतक्या बघितल्या,
आणि ही एक मला ठाऊक नाही:
चेन होती, हूक होते, की बटणं?
किती? कुठवर?

मावशीच्या बॅचमधल्या आता आवळे सिस्टरच उरल्यात,
रेल्वे लाईनच्या पलीकडे, लेकाकडे.
फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
"मागे? मागे काय असणार.
सेफ्टी पिना होत्या, सात का आठ,
वॉर्डातून मागून आणलेल्या.
चोवीस तारखेला हिला नाईट लागली, काजं राहिली.
म्हणून तर भिंतीला चिकटवली तिला.
हलू नको म्हटलं तर हसायला लागली,
एक पिन टोचलीसुद्धा."

ते हसू.
इतकी वर्षं मला वाटायचं, सायकलवाल्याला बघून.

"आणि मग पुरा केला कधी?"
"कुठला गं. जानेवारीत थंडी पडली,
सातव्या महिन्यातलं जुळं आलं वॉर्डात,
त्याची झबली झाली.
घेर होता ना पुष्कळ."

घरी आले. मशीनवरचं कापड
होतं तसंच पडलेलं, पाठ उघडी.
चेन सोपी गेली असती, वीस मिनिटांचं काम.
मी काजं हातानं केली, अकरा,
तीन रात्री, रेडिओ लावून, दोरा तीनदा तोडून.
सातवं वाकडं गेलंय. असू दे.
कडेच्या पट्टीला उरेब कापड पुरलं नाही,
पांढरं जोडलं, आतून आहे, दिसत नाही.

आज घालून बघितला.
खालची आठ बटणं मीच लावली,
हात पिरगाळून, आरशाशी भांडून.
वरची तीन काही येईनात.
तशीच चपला सरकवून जिन्यात गेले,
समोरच्या मेहजबीनचं दार वाजवलं.
सतारी करणाऱ्या घरातली ती, बोटांना खुंट्यांची सवय.
काही न बोलता मी तिच्याकडे पाठ केली.

"अगंबाई," ती म्हणाली, आणि लागली कामाला.
"श्वास रोखू का?" मी विचारलं.
"कशाला?
चांगला सैल आहे की."